आजोबांना आदाम केले नाही

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जॉन स्टाइनबेक यांच्या ‘ईस्ट ऑफ ईडन’ या कादंबरीवर आलेला लेख मी दोनदा वाचला. सत्तर वर्षांपूर्वीच्या एका जाडजूड अमेरिकन पुस्तकासाठी मराठी वृत्तपत्राने पाऊण पान खर्ची घालावे, ही आजच्या दिवसांत अप्रूप वाटावी अशी गोष्ट आहे आणि त्याबद्दल मी आपली आभारी आहे. तरीही लेखातील दोन विधाने मनात खटकत राहिली, म्हणून हे पत्र. लेखक एके ठिकाणी म्हणतात, की स्टाइनबेक यांनी आपल्या घराण्याचा इतिहास बायबलच्या साच्यात ओतला; आणि पुढे दोनच परिच्छेदांनंतर म्हणतात, की हॅमिल्टन कुटुंबाची प्रकरणे गाळून वाचली तरी कथेचे फारसे बिघडत नाही. साच्यात ओतलेली धातू नंतर वेगळी काढता येत नाही, त्यामुळे ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असणे कठीण आहे. माझ्या मते त्यांतले एकही खरे नाही.

ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती दिली पाहिजे. स्टाइनबेक १९०२ साली कॅलिफोर्नियातील सॅलिनास या गावी जन्मले. त्यांची आई ऑलिव्ह ही हॅमिल्टनांची लेक, लग्नाआधी शाळेत शिकवणारी. आईचे वडील सॅम्युअल हॅमिल्टन उत्तर आयर्लंडमधील बॅलिकेली या खेड्यातून अमेरिकेत आलेले. हे आजोबा, त्यांची बायको लायझा आणि त्यांची नऊ मुले कादंबरीत आपापल्या खऱ्या नावांनी वावरतात, आणि गोष्ट सांगणारा ‘मी’ हा त्यांचा नातू आहे. त्यांच्या शेजारी उभे केलेले ट्रास्क कुटुंब मात्र कल्पित आहे. ॲडम आणि चार्ल्स हे सावत्र भाऊ, आणि पुढच्या पिढीत ॲडमचे जुळे मुलगे कॅल आणि ॲरन, अशा दोन जोड्यांमधून बायबलमधील काइन आणि हाबेल या भावांची कथा (काइन हाबेलाला मत्सराने ठार करतो ती) दोनदा घडते. पहिल्या पिढीत चार्ल्सने स्वतःच्या कमाईतून वडिलांसाठी आणलेला चाकू दुर्लक्षित राहतो आणि ॲडमने कुठून तरी उचलून आणलेले कुत्र्याचे पिल्लू वडिलांना आवडते. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायातही एवढेच आहे. शेतकरी काइनाचे अर्पण देवाने नाकारले, मेंढपाळ हाबेलाचे स्वीकारले, आणि कारण सांगितले नाही. (एका धनगर सरदाराच्या घराण्याने राज्य केलेल्या आमच्या इंदुरात मेंढपाळाची बाजू घेणारे पुष्कळ मिळतील, ही गोष्ट वेगळी.)

म्हणजे बायबल आहे ते ट्रास्कांच्या घरात, आणि इतिहास आहे तो हॅमिल्टनांच्या घरात. स्टाइनबेक यांनी आपल्या आजोबांचा आदाम केला नाही, मामांपैकी कुणाला काइन केले नाही, आजीला हव्वा तर मुळीच केले नाही. सॅम्युअल हे नाव शमुवेल संदेष्ट्याचे आहे खरे, परंतु ते कादंबरीकाराने ठेवलेले नसून पणजोबांनी ठेवलेले आहे. आजोबांबद्दल कादंबरी जे सांगते ते पाहावे: त्यांच्या वाट्याला आलेली जमीन निकस आणि कोरडी होती. ते दुसऱ्यांच्या शेतात विहिरी खोदून देत आणि त्यांच्या स्वतःच्या रानात पाणी नव्हते. ते नवनवी यंत्रे शोधून काढत आणि त्यांच्या पेटंटच्या खर्चात उरलीसुरली शिल्लक घालवत. आजी कट्टर, दारूला शिवायचे नाही अशी. पण सत्तरीत डॉक्टरने औषध म्हणून चमचाभर पोर्ट वाइन सांगितली, आणि त्यानंतर ती बाई पूर्ण शुद्धीवर अशी कधी राहिलीच नाही. पुराणपुरुषांच्या चरित्रात असे तपशील बसत नाहीत. ते घरातल्या माणसांच्या आठवणीत बसतात.

हा फरक मला इतका महत्त्वाचा का वाटतो, हे सांगण्यासाठी थोडे घरचे सांगते. साताऱ्याकडून होळकरांच्या चाकरीत आलेल्या आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत काही वर्षांपूर्वी माझ्या एका चुलतभावाने मोठ्या कष्टाने छापला. त्यात माझे आजोबा आणि त्यांचे धाकटे बंधू यांचा उल्लेख ‘राम-लक्ष्मणाची जोडी’ असा आहे. राजवाड्यामागच्या आमच्या जुन्या घराच्या चौकात या राम-लक्ष्मणांनी आपल्या हयातीतच विटांची भिंत घातली होती. विहीर एकीकडे गेली, देवघर दुसरीकडे. खंडोबाचा टाक कुणाकडे राहायचा यावरून दोन वर्षे बोलणे बंद होते. स्वयंपाकघराजवळ त्या भिंतीतली एक वीट सुटी होती. रात्री माझी आजी ती वीट काढून पलीकडे विरजणाची वाटी सरकवत असे, आणि पलीकडून धाकट्या आजीचा हात ती घेत असे. मी पाच-सहा वर्षांची होते. “वाटी सकाळी परत आणायची, आणि आजोबांपुढे नाव काढायचे नाही,” एवढी ताकीद मला आठवते. त्या हातातल्या हिरव्या बांगड्याही आठवतात, कारण भिंतीमुळे हातापलीकडचे काही दिसतच नसे. कुलवृत्तांतात भिंत नाही, वीट नाही, वाटीही नाही. रामायण आणले की या गोष्टींना जागा उरत नाही. दुसरा एखादा चुलतभाऊ रागाने लिहायला बसला असता तर त्याने कौरव-पांडव आणले असते, आणि वाटी तरीही बाहेरच राहिली असती.

घराण्याचा इतिहास पुराणाच्या साच्यात ओतणे म्हणजे काय, ते हे. आपल्याकडे ते रोज होते, वाढदिवसाच्या गौरवांकात होते, श्रद्धांजलीच्या चौकटीत होते. स्टाइनबेक यांनी याच्या उलट केले, आणि ते जाणूनबुजून केले असे मानायला आधार आहे. ही कादंबरी त्यांनी २९ जानेवारी ते १ नोव्हेंबर १९५१ या काळात लिहिली. रोज लिहायला बसताना ते वहीच्या डाव्या पानावर आपले प्रकाशनसंस्थेतील संपादक आणि स्नेही पास्कल कोव्हिची यांना पत्र लिहीत आणि उजव्या पानावर कादंबरीचा मजकूर. ती पत्रे त्यांच्या मृत्यूनंतर, १९६९ साली पुस्तकरूपाने आली. त्यांवरून कळते, की सुरुवातीला ही सारी कादंबरी त्यांनी आपल्या दोन लहान मुलग्यांना उद्देशून योजली होती. मुलांना आपले गाव, आपली नदी, आपले आजोळ सांगायचे होते, आणि त्याच मुलांना बऱ्या-वाईटाची, बळाची आणि दुबळेपणाची गोष्टही सांगायची होती. मुलांना केलेले संबोधन छापील पुस्तकात उरले नाही, पण त्याचा सांगाडा उरला. ‘आपण कुठून आलो’ हे सांगणारी गोष्ट खरी असावी लागते, म्हणून ती आजोळची. ‘आपण कसे वागावे’ हे विचारणारी गोष्ट कुणाच्याही घरात घडू शकली पाहिजे, म्हणून ती कल्पित. यासाठी त्यांनी १९४८ साली सॅलिनासला जाऊन तेथील वृत्तपत्राच्या जुन्या फायलीही चाळल्या होत्या. घरच्यांच्या आठवणींवर त्यांनी सगळा भार टाकला नाही.

आता प्रश्न उरतो तो दोन्ही गोष्टी जोडल्या कशा जातात याचा. लेखात याबद्दल काहीच नाही, आणि कादंबरीचे खरे कसब तर तिथेच आहे. ॲडमची बायको त्याला गोळी घालून, तान्ही जुळी मुले टाकून निघून जाते. त्या धक्क्यात ॲडम वर्षाहून अधिक काळ मुलांना नावेसुद्धा ठेवत नाही. शेवटी म्हातारे सॅम्युअल हॅमिल्टन, ज्यांनी त्या मुलांना जन्माच्या वेळी हातांत घेतले होते, तिथे जातात, ॲडमला अक्षरशः ठोसा मारून भानावर आणतात, आणि मग ते दोघे व घरचा चिनी स्वयंपाकी ली असे तिघे बारशासाठी बायबल उघडून बसतात. नावे शोधता शोधता ते काइन-हाबेलापाशी थांबतात आणि वाद सुरू होतो. देवाला भाजीपाल्यापेक्षा मटण आवडले असावे, अशी थट्टाही होते. कादंबरीकाराचे खरे आजोबा आणि त्याने रचलेला ॲडम बायबलच्या एकाच पानावर वाकून बसले आहेत. बायबल त्या दोघांपैकी कुणाच्या अंगात संचारलेले नाही. ते पुस्तक म्हणून समोर पडलेले आहे, आणि ते वाचायचे, त्याच्याशी भांडायचे, त्यातले कुठले नाव उचलायचे हे माणसे ठरवत आहेत. एका मुलाला कॅलेब (म्हणजेच कॅल) हे नाव मिळते ते, देवाने वचन दिलेल्या भूमीत पोहोचलेल्या मोजक्यांपैकी बायबलमधला कॅलेब एक होता म्हणून. पाळण्यातल्या पोराच्या भविष्याची काळजी करणारे एक म्हातारे माणूस तिथे नसते, तर हा प्रसंग निव्वळ रूपक होऊन बसला असता.

आपल्या लेखाच्या लेखकाने कादंबरीतल्या ‘टिमशेल’ या हिब्रू शब्दाचा उल्लेख केला आहे, मात्र त्याचा अर्थ ‘तू करशीलच’ असा दिला आहे. ज्या अर्थाचे ली खंडन करतो तोच हा अर्थ, तेव्हा येथे दुरुस्ती आवश्यक आहे. बारशानंतर बऱ्याच वर्षांनी ली सांगतो, की त्या दिवसापासून एक ओळ त्याला छळत होती. पाप दाराशी दबा धरून बसले आहे असे परमेश्वर काइनाला बजावतो. त्यापुढे एका इंग्रजी भाषांतरात ‘तू त्यावर सत्ता चालवशील’ असे आश्वासन आहे, तर दुसऱ्यात ‘सत्ता चालव’ अशी आज्ञा. मूळ शब्द काय हे पाहण्यासाठी लीच्या घराण्यातले चार अतिवृद्ध चिनी पंडित हिब्रू शिकायला बसतात आणि दोन वर्षांनी निष्कर्ष काढतात, की अर्थ ‘तू सत्ता चालवू शकतोस’ असा आहे, म्हणजे आश्वासनही नाही आणि आज्ञाही नाही, निवड माणसाची. (हिब्रूत उच्चार ‘तिमशोल’ असा होतो, ‘टिमशेल’ हे कादंबरीकाराचे रूप आहे.) मराठी वाचकाला येथे एक सोय आहे. आपला भविष्यकाळच मुळी दुहेरी आहे. आई परीक्षेला निघालेल्या पोराला “तू करशील” म्हणते त्यात भविष्यापेक्षा भरवसा अधिक असतो, आणि “करशीलही” म्हटले की लगेच शक्यता येते. लेखातला शेवटचा ‘च’ काढला असता तरी अर्थ पुष्कळ जवळ आला असता.

म्हाताऱ्या माणसांनी एका शब्दासाठी परकी लिपी शिकावी हे अनेक वाचकांना अविश्वसनीय वाटते. मराठी माणसाला वाटू नये. पंडिता रमाबाईंनी केडगावला उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणले. १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ साली तो संपूर्ण ग्रंथ छापून बाहेर पडला. धर्मग्रंथ आणि घरगुती आठवण एका छपराखाली नांदल्याचे आपल्याकडचे सर्वांत देखणे उदाहरणही फार लांबचे नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि त्या संसाराची हकीकत लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त लिहिली. त्यात टिळकांचा संत पौल झालेला नाही. ते रागावणारे, हातातले दुसऱ्याला देऊन टाकणारे, बायकोला जेरीस आणणारे टिळकच राहिले आहेत. त्यामुळे त्यांची श्रद्धा खरी वाटते.

जोडणीची आणखी दोन ठिकाणे सांगितल्याशिवाय राहवत नाही. कॅलला आपल्या वडिलांचे बुडालेले पैसे भरून द्यायचे असतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात सोन्यासारखा भाव आलेले घेवड्याचे पीक खरेदी करून तो १५,००० डॉलर मिळवतो आणि सणाच्या जेवणाला वडिलांपुढे ठेवतो. ॲडम ते नाकारतो, कारण तो स्वतः गावातल्या पोरांना सैन्यात पाठवणाऱ्या मंडळावर आहे आणि युद्धावर कमावलेला पैसा त्याला नको आहे. काइनाचे नाकारलेले अर्पण ते हेच. पण या धंद्यात कॅलचा भागीदार कोण? विल हॅमिल्टन, म्हणजे कादंबरीकाराचा सख्खा मामा. आपल्या मामाला त्यांनी काइन केले नाही हे मी वर म्हटले. मात्र काइनाच्या अर्पणात मामाचा हिस्सा होता, हे सांगायला ते कचरलेही नाहीत. पुराणकथेने घराण्याला मोठेपणा द्यायचा असता तर हा तपशील सर्वांत आधी गाळला गेला असता.

दुसरे ठिकाण टॉम मामाचे. बहीण डेसीच्या पोटात दुखते म्हणून टॉम तिला भोळेपणाने रेचक मीठ देतो, त्याने दुखणे विकोपाला जाते आणि ती मरते. टॉम स्वतःला खुनी समजतो. जीव देण्याआधी तो दोन पत्रे लिहितो. एकात आईला कळवतो, की आपण एक द्वाड घोडा विकत घेतला आहे. दुसऱ्यात भाऊ विलला विनवतो, की घोड्याच्या लाथेने मेलो असेच आईला सांग. या प्रकरणात काइनाचे नाव कुठेही नाही. तरी आपल्याच भावंडाचे रक्त आपल्या हातावर पाहणारा मनुष्य येथे आहे, आणि शेजारच्या ट्रास्कांच्या गोष्टीचा उजेड न सांगता त्याच्यावर पडतो. मला विचाराल तर संपूर्ण पुस्तकात बायबल सर्वांत खोल गेले आहे ते येथे, हॅमिल्टनांच्या घरात, जिथे लेखकाने त्याला मुद्दाम बोलावले नव्हते.

पुस्तकात दोष नाहीत असे मला म्हणायचे नाही. ट्रास्कांच्या गोष्टीत भावांची नावे प्रत्येक पिढीत एकाची काइनाच्या इंग्रजी आद्याक्षराने (C) आणि दुसऱ्याची हाबेलाच्या इंग्रजी आद्याक्षराने (A) सुरू होतात; रांगोळी पुरी झाल्यावरही ठिपके दिसत राहावेत तसे ते डोळ्यांत सलते. काइनावरच्या देवाच्या खुणेची आठवण देणाऱ्या कपाळावरच्या व्रणांचेही तेच. आणि कॅथी, ती मुले टाकून जाणारी बायको, ही मला कधीच पटलेली नाही. तिला जन्मतःच अंतःकरण नाही असे सांगून कादंबरीकार मोकळा होतो, आणि ‘तू निवड करू शकतोस’ हे ज्या पुस्तकाचे म्हणणे त्यातच एका बाईला निवडच ठेवत नाही. तिच्यापाशी हॅमिल्टनांपैकी कुणी फार वेळ बसत नाही, हे मला योगायोगाचे वाटत नाही. सॅम्युअल तिला बाळंतपणात एकदा जवळून पाहतात. ती त्यांच्या हाताला कडकडून चावते, आणि तेवढ्या एका प्रसंगात ती खरी वाटते.

हॅमिल्टन जवळजवळ गाळून काय उरते याचा प्रयोग झालेलाच आहे. एलिया कझान यांनी १९५५ साली केलेल्या चित्रपटात कादंबरीचा केवळ शेवटचा भाग घेतला. त्यात सॅम्युअल नाहीत, लीसुद्धा नाही. जेम्स डीन यांचा कॅल पाहण्यासारखा आहे, पण वडिलांच्या प्रेमासाठी तडफडणारा मुलगा याखेरीज गोष्टीत काही उरत नाही, आणि ‘टिमशेल’ उच्चारायलाही कुणी शिल्लक राहत नाही. आपल्या लेखाच्या लेखकांनी बहुधा तो चित्रपट आधी पाहिला असावा. तसे असेल तर त्यांचा दोष थोडा आहे.

जाता जाता, आमच्या कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती निघणार आहे. तिच्यासाठी मी विटेची आणि विरजणाच्या वाटीची हकीकत दोन पानांत लिहून चुलतभावाकडे दिली आहे. ‘राम-लक्ष्मणाची जोडी’ हे शब्द काढू नकोस, फक्त त्यांच्याखाली हे छाप, एवढेच मी त्याला सांगितले. पलीकडच्या घरातल्या वहिनींनी ती पाने मागवून घेतली आहेत. त्यांचा होकार अजून यायचा आहे.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त प्राध्यापिका,
इंदूर